आईच्या मणक्याचा एमआरआय: झीज आहे का इन्फेक्शन? एक डॉक्टर एक सांगायलेत, दुसरे दुसरंच

कुंभारी_रोड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलोय पण वाचा प्लीज. आई ५७ वर्षांची आहे, आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसायचं काम, त्यामुळं कंबर दुखणं घरात नवीन नव्हतं. पण दिवाळीपासून जे दुखायलंय ते वेगळं आहे. रात्री कूस बदलताना ओरडते, सकाळी बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागते. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. मधेच अंगात कणकण असते म्हणते पण थर्मामीटर लावला की फार काही दिसत नाही. वजन उतरलंय थोडं, पण शुगरमुळं जेवण पण कमी केलंय तिनं, त्यामुळं त्यातून काय धरायचं कळेना.

एमआरआय काढला, साधा, कॉन्ट्रास्ट न देता. रिपोर्टमधी लिहिलंय की एल४-एल५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) च्या गादीला लागून वरच्या आणि खालच्या दोन्ही मणक्यांत टी१ वर काळा आणि टी२ व स्टिरवर (ही एमआरआयच्या फोटोंच्या प्रकारांची नावं) पांढरा सिग्नल आहे, मोडिक टाइप १ बदल किंवा सुरुवातीचा इन्फेक्टिव्ह स्पाँडिलोडिस्कायटिस (म्हणजे मणका आणि गादीचं इन्फेक्शन) असू शकतो, क्लिनिकल कोरिलेशन करावे, गरज वाटल्यास कॉन्ट्रास्ट स्टडी.

आता पहिले हाडाचे डॉक्टर म्हणाले की ही झीज आहे, गॅप आलाय, बेल्ट लावा, शेक द्या, नाही थांबलं तर कमरेत इंजेक्शन देऊ. दुसऱ्यांकडं नेलं तर त्यांनी फिल्म लाईटवर धरली आणि म्हणाले हा टीबी आहे, आजपासूनच एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू करा, उशीर नको. ईएसआर (अंगात सूज आहे का बघायची रक्ताची तपासणी) ४६ आलाय. लघवीला जळजळ पण आहे तिला.

माझे प्रश्न एवढेच की एकाच फोटोवरून दोघं एवढं वेगळं कसं सांगू शकतात, कॉन्ट्रास्टवाला परत काढला तर नक्की कळेल का, आणि तोपर्यंत सेफ्टी म्हणून टीबीच्या गोळ्या चालू केल्या तर काय बिघडतं? घरात सगळे घाबरलेत. मामा म्हणतोय पुण्याला ने.


काळा_पांढरा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळचा बार्शीचा. इथं बसून तुमच्या आईंचं निदान करणं बरोबर होणार नाही, सीडी समोर नाही. पण रिपोर्टचं ते वाक्य का लिहिलं जातं ते सांगतो, कारण ते वाक्य पळवाट म्हणून लिहिलेलं नाहीये, लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे शंका मांडली आहे.

एमआरआय मुळात शरीरातलं पाणी आणि चरबी बघतो. मणक्याच्या आतल्या मगजात सूज आली, म्हणजे चरबीच्या जागी पाणी वाढलं, की टी१ वर ते काळं दिसतं आणि टी२ वर, त्यातही चरबी दाबून टाकणाऱ्या स्टिर सिक्वेन्सवर, पांढरं दिसतं. आता ही सूज कशामुळं आली हे तो रंग सांगत नाही. झिजेमध्ये गादी आणि मणका यांच्यामधली जी पातळ प्लेट असते तिला बारीक चिरा जातात आणि तिच्या लगतच्या मगजात नवीन रक्तवाहिन्यांचा सुजलेला टिश्यू तयार होतो. १९८८ मध्ये मोडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे प्रकार मांडले, सुजेचा तो टाइप १, पुढं तिथं चरबी भरली की टाइप २ आणि हाड कडक झालं की टाइप ३ (हा तिसरा नंतर आला). इन्फेक्शनमध्ये जंतू बहुतेक वेळा रक्तातून येतात आणि मोठ्या माणसांत नेमके ह्याच प्लेटच्या लगतच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, कारण मोठेपणी गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. म्हणजे जागा तीच आणि सूजही तशीच. म्हणून दोन डॉक्टर एकाच फोटोकडं बघून दोन गोष्टी सांगतात.

मग आम्ही कुठं बघतो? सगळ्यात आधी गादीकडं. झिजलेली गादी सुकलेली असते, टी२ वर काळी दिसते. बाजूचे मणके एवढे सुजलेत आणि मधली गादी मात्र काळीच आहे, तर मन झिजेकडं झुकतं. उलट गादीत पाण्यासारखा पांढरा सिग्नल भरलाय, तर काळजी वाढते. दुसरं म्हणजे प्लेटची ती काळी रेघ. झिजेत ती खडबडीत होते, खाचा पडतात पण बऱ्यापैकी सलग राहते, इन्फेक्शनमध्ये ती खाल्ली जाते, पुसट होते, कुठं मणका संपला आणि कुठं गादी सुरू झाली तेच कळत नाही. तिसरं, आणि माझ्या मते नवीन लोकांकडून सर्वात जास्त सुटणारं, आजूबाजूचं मांस. मणक्याच्या दोन्ही बाजूंना सोआस नावाचा स्नायू असतो, त्यात स्टिरवर पांढरेपणा आहे का, मणक्यापुढं किंवा मज्जारज्जूच्या पिशवीला लागून काही साठलंय का. झीज आपल्या जागेत राहते, ती सहसा सोआसमध्ये जात नाही.

आता कॉन्ट्रास्टबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं कॉन्ट्रास्ट दिला, मणका चमकला म्हणजे इन्फेक्शन. असं नाहीये. मोडिक टाइप १ पण चमकतो कारण तिथं रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. कॉन्ट्रास्टचा खरा उपयोग कडेला पू आहे का, त्याच्याभोवती कड चमकते का, गादी स्वतः चमकते का, एपिड्युरल भागात, म्हणजे मज्जारज्जूच्या पिशवीबाहेर, काही आहे का हे बघायला. त्याच वेळी डिफ्यूजन सिक्वेन्स (पाण्याची हालचाल दाखवणारा फोटोचा प्रकार) पण मागून घ्या, त्याला वेळ फार लागत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींनी क्लॉ साइन म्हणून एक खूण मांडली, सुजलेल्या आणि चांगल्या मगजाच्या सीमेवर, गादीच्या वर आणि खाली, ठळक पांढऱ्या रेघांची जोडी दिसते. ती नीट दिसली तर झिजेची बाजू बळकट होते. दिसली नाही आणि सगळं पसरट पांढरं असेल तर इन्फेक्शनचा संशय धरून पुढं जायचं.

आणि हो, कमरेतलं इंजेक्शन तूर्त थांबवा, त्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवून स्पष्ट विचारा. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं आणि इन्फेक्शनचा प्रश्न उघडा असताना स्टिरॉइड टोचणं मला अजिबात पटत नाही, त्यात शुगरवाल्या पेशंटला तर नाहीच नाही.


मोहोळचा_पाटील

भावा तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला, माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. त्याचं दुखणं वरच्या बाजूला होतं, डी१२-एल१ ला, पण त्याला पण सुरुवातीला गॅप गॅप म्हणूनच सांगितलं, मालिश झाली, बेल्ट झाला, कुणीतरी तेल आणून दिलं. नुसता एक्स-रे काढला होता आणि एक्स-रेत काही नाही म्हणून सगळे निवांत. नंतर कळलं की एक्स-रेत दिसायला हाड चांगलंच खाल्लं जावं लागतं, तोपर्यंत एक्स-रे गप्पच असतो. मग एक दिवस चालताना पाय लटपटायला लागले, तेव्हा एमआरआय केला तर मणक्याच्या पुढून पू वरखाली तीन मणक्यांपर्यंत सरकलेला, आणि गंमत म्हणजे नाही, विचित्र म्हणजे गादी बऱ्यापैकी शाबूत. त्या सर्जननी आम्हाला समजावून सांगितलं की टीबीच्या जंतूकडं गादी विरघळवणारं एन्झाइम नसतं, म्हणून टीबीत गादी उशिरापर्यंत टिकते आणि पू लिगामेंटच्या खालून घसरत लांब जातो, साध्या जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये गादी पहिल्यांदा जाते आणि ताप, ठणका जोरात असतो.

मी हे सांगतोय याचा अर्थ तुझ्या आईला टीबीच आहे असं नाही. सांगायचंय ते दुसरंच. गोळ्या चालू करायच्या आधी तुकडा काढून तपास. आम्ही सीटी बघत सुई टाकून बायोप्सी केली, पण पहिल्या वेळी जिथं केली तिथं सगळाच्या सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. परत सुई टाकावी लागली पोराला. तर तू जाशील तेव्हा तोंडानं विचार, थोडा तुकडा सलाइनमध्ये ठेवणार ना, त्याचं सीबीनॅट, टीबीचं कल्चर, साधं कल्चर आणि बुरशीचं पण लावणार ना. सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत सांगतं टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन औषध लागू पडेल का. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे बघ, अंदाजानं चालू केलेल्या गोळ्या जंतूला लागूच पडत नसतील तर महिनोन्‌महिने वाया. आणि मणक्यात जंतू कमी असतात म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाहीच असं धरून बसू नका, बायोप्सीचा रिपोर्ट आणि कल्चर बघा.

भावाचं ऑपरेशन झालं, मणक्याच्या टीबीचा कोर्स वर्षभराचा असतो, कधी दीड वर्षापर्यंत नेतात. सरकारी नोंद झाली की औषध फुकट मिळतं आणि पोषणासाठी खात्यावर पैसे येतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत. आज तो शेतात जातो, ट्रॅक्टर चालवतो.


कुंभारी_रोड

डॉक्टर साहेब, पाटील दादा, दोघांचे मनापासून आभार. इंजेक्शन थांबवलं. डॉक्टर, कॉन्ट्रास्टनं किडनीला त्रास होतो म्हणतात, आईला शुगर आहे, मेटफॉर्मिन बंद करावी लागेल का? आणि एक गोष्ट राहिली सांगायची, लघवीच्या जळजळीसाठी गल्लीतल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलीय, उद्यापासून घ्यायचीय.


काळा_पांढरा

ती लिव्होफ्लॉक्सासिन सुरू करण्याआधी थांबा, आजच त्या डॉक्टरांना फोन करा. लघवीचं कल्चर आणि रक्ताचं कल्चर आधी जाऊ द्या. एक तर मणक्यात साधे जंतू असतील तर ते लघवीतूनच रक्तात गेलेले असू शकतात, आणि अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चर कोरं येतं. दुसरं म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवर पण काम करतं, अर्धवट दाबून टाकतं, मग थोडं बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं. लघवीसाठी दुसरी औषधं आहेत. पेशंट स्थिर असेल, पायात ताकद असेल, तर बायोप्सीचा निर्णय होईपर्यंत अँटिबायोटिक रोखून धरायचं असा अमेरिकेच्या इन्फेक्शन तज्ज्ञांच्या संस्थेचा २०१५ चा सल्ला आहे. हे थंडी वाजून ताप भरला किंवा पायाची ताकद चालली अशा पेशंटला लागू नाही, तिथं वाट बघत नाहीत.

किडनीचं म्हणाल तर एमआरआयचा कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचा असतो, सीटीसारखा आयोडिनचा नाही. मेटफॉर्मिन थांबवायचा प्रश्न सीटीच्या कॉन्ट्रास्टला येतो, एमआरआयला नेहमीच्या डोसला येत नाही. तरी क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची तपासणी) करून न्या, कारण किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियमचा कुठला प्रकार द्यायचा हे बघावं लागतं.

ईएसआर ४६ वर एकट्यावर काही ठरवू नका. वय, रक्त कमी असणं, शुगर, लघवीचं इन्फेक्शन, कशानंही तो वर जातो. सोबत सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) आणि हिमोग्लोबिन करा. सीआरपी लवकर चढतो, लवकर उतरतो, पुढं उपचार लागू पडतोय का हे बघायलाही तोच जास्त कामाचा.

आणि एल४-एल५ चा साधा सीटी, कॉन्ट्रास्ट न देता, फक्त तेवढ्या भागाचा. झिजलेल्या गादीत कधीकधी वायू जमतो, व्हॅक्यूम म्हणतो आम्ही, तो एमआरआयवर नीट कळत नाही पण सीटीवर चटकन दिसतो. तो असला तर इन्फेक्शनची शक्यता बरीच मागं जाते. पूर्ण जात नाही, वायू करणारे जंतू असतात, पण ते क्वचित.


सांगोला_पशुवैद्य

मी जनावरांचा डॉक्टर आहे त्यामुळं माणसांच्या एमआरआयबद्दल बोलणार नाही, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. तुमच्या घरी किंवा आजोळी शेळ्या, म्हशी आहेत का? कच्चं दूध पिण्यात येतं का? शेळी गाभडली तेव्हा आईंनी वार उचलली का, हात न झाकता?

आपल्या भागात घरोघरी जनावरं आहेत आणि ब्रुसेलोसिस नावाचा आजार जनावरातून माणसात येतो. ताप येतो जातो, रात्री घाम येतो, सांधे दुखतात आणि कमरेचे खालचे मणके धरतो, एल४ च्या आसपास. मी हे माझ्या क्षेत्रातल्या माणसांत बघितलंय, गाभडणाऱ्या जनावरांत हात घालणारे आम्हीच. डॉक्टर लोक टीबी आणि झीज ह्या दोनच खणांत बघतात आणि ही शक्यता कुणी विचारतच नाही. रक्ताची ॲग्लुटिनेशन टेस्ट असते, स्वस्त आहे. रक्ताचं कल्चर पाठवताना लॅबला ब्रुसेल्लाचा संशय आहे असं सांगून पाठवा, तो जंतू हळू वाढतो आणि लॅबमधल्या माणसालाही त्याचा धोका असतो. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेल्लावर पण थोडं चालतं, म्हणून अंदाजानं एकेटी चालू केली की पेशंटला जरा बरं वाटतं आणि सगळे म्हणतात बघा टीबीच होता. ब्रुसेल्लाला डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध असा वेगळा कोर्स लागतो.


काळा_पांढरा

पशुवैद्य साहेब, फार मोलाचं सांगितलंत, मी ते लिहायला हवंच होतं असं वाटायला लावलंत. एमआरआयच्या बाजूनं भर घालतो, ब्रुसेल्ला बहुतेक वेळा मणक्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतो, टीबीइतका मोठा पू सहसा करत नाही आणि मणक्याचा आकार बराच टिकवून ठेवतो. टीबीच्या पुवाची भिंत पातळ आणि गुळगुळीत असते, साध्या जंतूंच्या पुवाची जाड आणि वेडीवाकडी. मणके एका ठिकाणी खराब, मग मधे चांगले, मग परत खराब असं दिसलं तर टीबीचा संशय वाढतो, म्हणून टीबीची शंका असेल तेव्हा फक्त कंबर नाही, एकदा पूर्ण पाठीचा कणा स्कॅन करून घ्यावा, निदान पटकन बघायचा सिक्वेन्स तरी.

आणखी एक, कॅन्सर पसरून मणक्यात येतो तेव्हा गादी सहसा सुटते, म्हणून दोन मणके आणि मधली गादी असं तिन्ही मिळून धरलं असेल तर आधी इन्फेक्शन किंवा झीज डोक्यात येते. तुमच्या आईंच्या बाबतीत तेवढा एक घोर तरी कमी करा.


पार्क_चौक

मधेच विचारतो, माफ करा. मी कुठंतरी वाचलं की मोडिक टाइप १ हेच मुळात छुपं इन्फेक्शन असतं आणि १०० दिवस अँटिबायोटिक घेतलं की कंबरदुखी जाते. माझीच एमआरआय टाइप १ ची आहे, सीआरपी नॉर्मल आहे. मेडिकलवाला गोळ्या द्यायला तयार आहे. घेऊ का?


काळा_पांढरा

नका घेऊ. तुम्ही जे वाचलं ते डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासावरून आलंय, १६२ पेशंट होते, अमॉक्सिसिलिन-क्लाव्हुलॅनेट १०० दिवस दिलं आणि फरक चांगला दिसला, त्यावरून जगभर बातम्या झाल्या. त्यामागची कल्पना अशी की मुरुमांत सापडणारा एक संथ जंतू फुटलेल्या गादीत जाऊन बसतो. मग नॉर्वेत १८० पेशंटवर तीन महिने अमॉक्सिसिलिन देऊन परत तपासलं, २०१९ मध्ये छापून आलं, आणि तिथं पेशंटला जाणवेल इतका फायदा मिळाला नाही, गोळ्यांचे त्रास मात्र जास्त झाले. कल्पनेवर वाद अजून चालू आहे, पण मेडिकलवाल्याकडून तीन महिन्यांचं अँटिबायोटिक घ्यावं एवढा पुरावा नाही. टाइप १ दुखतो, खरंच दुखतो, हे मात्र मान्य करायला पाहिजे, झीज म्हटलं की लोक दुखणं हलक्यात घेतात. बऱ्याच जणांत तो हळूहळू टाइप २ होतो आणि ठणका उतरतो. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुखणं कमी करणारं औषध, पाठपोटाच्या स्नायूंचा व्यायाम, आणि वाकून बसायचं काम तोडून तोडून करणं.


कुंभारी_रोड

सगळ्यांना अपडेट देतो. गल्लीतल्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी ऐकलं, लिव्होफ्लॉक्सासिन थांबवली. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला, रक्ताचं कल्चर कोरं. लघवीसाठी आता त्या जंतूला लागू पडणारं दुसरं औषध दिलंय. सीआरपी ४ आलाय, लॅबच्या कागदावर ६ च्या आत नॉर्मल लिहिलंय. हिमोग्लोबिन ९.२, म्हणून ईएसआर वर गेला असेल असं सांगितलं. आजोळ मंद्रूपला, तिथं शेळ्या आहेत आणि आई दूध तसंच पिते, म्हणून ब्रुसेल्लाची टेस्ट केली, निगेटिव्ह. पशुवैद्य साहेब, तुम्ही सांगेपर्यंत हे नाव आमच्यातल्या कुणी ऐकलं नव्हतं. मामाला सांगून दूध उकळून प्यायला लावलंय सगळ्यांना.

कॉन्ट्रास्ट एमआरआय पण झाला, पुण्याला जायची गरज पडली नाही, इथंच झाला. त्यात गादी टी२ वर काळीच आहे, प्लेटची रेघ खडबडीत पण सलग लिहिलीय, सोआस दोन्ही बाजूंचा साफ, पू नाही. डिफ्यूजनवर क्लॉ साइन दिसतोय असं स्पष्ट लिहिलंय. सीटीत गादीत वायू दिसला. नवीन स्पाइन सर्जननी दोन्ही सीडी शेजारी शेजारी लावून बघितल्या आणि म्हणाले की सगळी बोटं झिजेकडं जातात, एकेटी नको, बायोप्सी पण आत्ता नको, इंजेक्शनचा विषय पुढच्या तपासणीपर्यंत बंद. सहा आठवड्यांनी सीआरपी परत, आणि दुखणं वाढलं तर एमआरआय त्याआधीच.

आईला मी सांगितलं की टीबी वाटत नाही, तर ती रडायलाच लागली. तिच्या ओळखीतल्या बायांना टीबी झालेला तिनं बघितलाय, पत्र्याच्या खोलीत तंबाखूच्या धुरळ्यात बसून काम, तिला वाटत होतं आपली पण पाळी आली. आता पाटावर बसायच्या ऐवजी खुर्चीवर बसवतोय, सूप टेबलावर.

विचारायचं एवढंच राहिलं, घरी कशावर लक्ष ठेवायचं?


मोहोळचा_पाटील

भावा लई बरं वाटलं वाचून. लक्ष पायांवर ठेव. चप्पल पायातून निसटायलीय का, जिना चढताना गुडघा वाकतोय का, लघवी अडकतेय किंवा कळत नाहीये का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का. यातलं काही दिसलं तर सहा आठवडे बिठवडे विसर, रात्र असो का पहाट, सरळ सिव्हिलला नाहीतर तुझ्या सर्जनकडं. आमच्या भावाचं तेवढंच उशिरा कळलं होतं घरच्यांना.


काळा_पांढरा

पाटलांनी सांगितलं ते आधी. त्याशिवाय रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहा, हात लावून अंदाज नको, आणि आठवड्याला वजन, एकाच काट्यावर. रात्रीचा ठणका पडून राहिल्यावरही कमी होत नसेल तर ते सर्जनला सांगा.

पुढचा एमआरआय करायची वेळ आली तर शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. दीड टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) एक आणि तीन टेस्लाचा दुसरा असं झालं की सूज कमी झाली का जास्त हे सांगताना आमचीच पंचाईत होते. फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका, जुन्या दोन्ही सीडी आणि सीटीची सीडी न्या, मागच्या वेळचं औषध आणि सीआरपीचे आकडे एका कागदावर लिहून रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या. आम्हाला बहुतेक वेळा चिठ्ठीवर फक्त 'कंबरदुखी' एवढं लिहून येतं. शुगर आहे, लघवीचं इन्फेक्शन होतं, शेळ्यांचं दूध पिण्यात होतं, हे कळलं तर आम्ही फोटो त्या नजरेनं बघतो. आणि त्यात सूज अजून दिसली म्हणून घाबरू नका, पेशंट बरा वाटायला लागल्यावरही एमआरआयवरचा पांढरेपणा बरेच महिने रेंगाळतो, झिजेत पण आणि बऱ्या होत चाललेल्या इन्फेक्शनमध्ये पण. त्या वेळी गादी, प्लेट आणि सोआस ह्या तिघांत नवीन काय झालं एवढंच विचारा.


कुंभारी_रोड

वही आजपासून चालू केली डॉक्टर. सीडी तिन्ही एका पिशवीत घालून कपाटात वर ठेवल्यात, सर्जनचा नंबर भिंतीवर लिहिलाय. सहा आठवड्यांनी सीआरपी आला की इथंच टाकतो.